गिझरची कॉइल एवढी महाग का पडते?

गेल्या डिसेंबरात एका सकाळी आमच्या घरचा ईएलसीबी, म्हणजे वीज कुठं गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, पडला. वर केला, पुन्हा पडला. गिझरचा स्विच बंद ठेवून वर केला तेव्हा मात्र राहिला. म्हणजे दोष गिझरमध्येच होता. सासूबाईंना गार पाण्यानं आंघोळ चालत नाही, मुलाची शाळा साडेसातची. त्या दिवशी गॅसवर पातेली चढली आणि मी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन लावला. माणूस तिसऱ्या दिवशी आला. त्यानं गिझर खोलला, कॉइल बाहेर काढली आणि वर्तमानपत्रावर ठेवली.

ती कॉइल मी अजून जपून ठेवली आहे. मुळात ती पेन्सिलीएवढ्या जाडीची, वळवलेली तांब्याची नळी. पण तांबं कुठं दिसतच नव्हतं. सगळीकडं पांढरट-पिवळसर खपली बसली होती. नखानं उचकटली की पापुद्रे सुटत होते. एका वळणावर, खपलीच्या खाली, नळीला केसाएवढी चीर गेली होती. टाकीच्या तळातून दोन ओंजळी चुरा निघाला. आणि मग बिल आलं. कॉइल १,१५० रुपये, थर्मोस्टॅट ५४०, ॲनोड रॉड ३८०, गॅस्केट १२०. व्हिजिट आणि मजुरी ४५०, त्यावर १८ टक्के जीएसटी. एकूण २,७२१ रुपये. हा पंधरा लिटरचा गिझर आम्ही सहा वर्षांपूर्वी ६,४०० ला घेतला होता.

पैसे दिले, पण डोक्यातून जाईना. वीतभर तांब्याच्या नळीला साडेअकराशे कसे? मी शाळेत विज्ञान शिकवते. माझे चुलत दीर सांगलीतच इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान चालवतात. त्यांच्याकडं बसून, कॉइल हातात घेऊन, हा सगळा हिशेब मी समजून घेतला. तो इथं मांडते आहे, कारण आपल्याकडं हिवाळा लागला की घरोघरी हेच बिल येतं आणि आपण ते मुकाट भरतो.

आत नेमकं काय बिघडतं

गिझर ही तशी साधी वस्तू. एक टाकी, तिच्याभोवती फोमचं आवरण, आत पाणी तापवणारी कॉइल, पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट, जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह आणि ॲनोड रॉड. बस्स.

कॉइल म्हणजे नळीच्या आत नायक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमची, वीज गेली की तापणारी तार असते. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड घट्ट ठासलेली असते. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. नळीवर क्षारांची खपली बसली की उष्णता पाण्यात जायला अडते, कारण चुन्याची खपली तांब्याच्या मानानं उष्णता फार कमी वाहून नेते. मग नळीच अधिकाधिक तापत जाते. तापते, निवते, पुन्हा तापते आणि कधीतरी तडकते. चिरेतून पाणी पुडीत शिरलं की वीज नळीपर्यंत पोचते, तिथून पाण्यात आणि अर्थिंगमध्ये. म्हणून ईएलसीबी पडतो. तो पडला हे आपलं नशीब समजा. घरात ईएलसीबी नसेल तर गिझरच्या आधी तो बसवून घ्या.

इथं एक गैरसमज दूर करते. खपली धरली की लाइटबिल खूप वाढतं असं सर्रास सांगितलं जातं. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे तिची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट लागतं. २ किलोवॅटच्या कॉइलला त्यासाठी वीसेक मिनिटं पुरतात. खपलीनं यात मोठा फरक पडत नाही. खपली कॉइलचा जीव घेते, आणि खर्च तिथं होतो.

ॲनोड रॉड ही मॅग्नेशियमची कांडी. गिझरची टाकी बहुतेक वेळा पोलादाची आणि आतून काचेसारखा लेप दिलेली असते. त्या लेपाला कुठं ना कुठं सुईच्या टोकाएवढी भोकं राहतातच. तिथून गंज सुरू होऊ शकतो. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजतं, म्हणून आधी कांडी झिजते आणि टाकी वाचते. कांडी संपली की पाळी टाकीची. आमची कांडी बाहेर आली तेव्हा नुसती मधली लोखंडी सळई उरली होती. सहा वर्षांत ती बदलायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

सांगलीचं पाणी आणि साताऱ्याचं पाणी

माझी मावशी साताऱ्याला राहते. तिच्या गिझरची कॉइल अकरा वर्षं बदलली नव्हती. आमची सहा वर्षांत गेली, आणि शेजारच्यांची तर तीनच वर्षांत. शेजारी फक्त बोअरचं पाणी वापरतात.

कारण जमिनीत आहे. आपला हा सगळा भाग काळ्या बसाल्ट खडकाचा. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून मुरत खाली जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. ते बोअरमधून वर आलं की आपण त्याला जड पाणी म्हणतो. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरी रेघ बसते. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्या, तिथल्या विहिरींचं पाणी शेतकऱ्याला विचारा, तो जास्त चांगलं सांगेल. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागं २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा चांगला मानला जातो. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. प्यायला चालणारं पाणी कॉइलला चालतंच असं मात्र नाही.

साताऱ्यात जुन्या शहराला कास तलावाचं पाणी येतं. पठारावर पडलेला पाऊस तलावात साठतो आणि उतारानं शहरात येतो. जमिनीत खोल मुरून चुना घेऊन यायला त्याला वेळच मिळत नाही. मावशीच्या कॉइलचं अकरा वर्षांचं आयुष्य मुख्यतः या पाण्याचं आहे.

पाणी तापलं की त्यात विरघळलेला बायकार्बोनेट फुटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट म्हणून खाली बसतो. चहाच्या पातेल्याला आतून जो पांढरा थर धरतो, तोच हा. पाणी जितकं जास्त तापवाल, तितका थर जास्त, आणि ६० अंशांच्या पुढं तर झपाट्यानं. आपण थर्मोस्टॅटचा खटका शेवटपर्यंत फिरवून ठेवतो, मग बादलीत निम्म्याहून जास्त गार पाणी मिसळतो. तो खटका ५५ ते ६०च्या दरम्यान ठेवला तर आंघोळीला काही कमी पडत नाही आणि कॉइल जास्त टिकते. सांगलीत राहणाऱ्या माणसाला मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही.

साडेअकराशे कुठून आले

आता मुख्य प्रश्न. दिरांनी मला तो असा समजावला.

कारखान्यात गिझर तयार होताना कॉइल हजारांच्या ढिगातून उचलली जाते आणि टाकीत बसते. तिला खोकं नसतं, लेबल नसतं, तिची पावती फाडावी लागत नाही. तीच कॉइल सुटा भाग म्हणून निघाली की तिचा वेगळा प्रवास सुरू होतो. खोकं आलं, त्यावर छापील किंमत आली. मोठ्या गोदामात तिला जागा लागते. तिथून पुण्या-कोल्हापूरच्या डेपोत, तिथून सांगलीच्या सेवा केंद्रात, तिथून मिस्त्रीच्या पिशवीत. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी पैसे गुंतवून बसलेला असतो आणि प्रत्येकाला त्याचा वाटा हवा असतो. शिवाय एका कंपनीचे गिझर दहा-पंधरा प्रकारचे. जुन्या मॉडेलच्या कॉइली वर्षानुवर्षं पडून राहतात, काही कधीच विकल्या जात नाहीत. त्या न विकलेल्यांचा खर्च विकल्या गेलेल्यांवर चढतो.

इथपर्यंतचा खर्च मला पटतो. कुणीतरी माल साठवून ठेवला म्हणून तर सहा वर्षांनी मला कॉइल मिळाली.

पटत नाही तो पुढचा भाग. प्रत्येक कंपनीच्या गिझरला कॉइल बसवायची तबकडी, म्हणजे फ्लँज, वेगळी. कुणाला पाच बोल्ट, कुणाला सहा, कुणाला चार. भोकांमधलं अंतर वेगळं. त्यामुळे एकाची कॉइल दुसऱ्याला बसत नाही. आपण दुकानात गिझर घेताना किंमत, लिटर, स्टार आणि रंग पाहतो. चार कंपन्यांची तुलना करतो, पाचशे रुपये कमी करून घेतो. म्हणून कंपन्या गिझरची किंमत दाबून धरतात. कॉइलची किंमत त्या दिवशी कुणीच विचारत नाही. सहा वर्षांनी विचारतो, तेव्हा टाकी भिंतीवर बसलेली असते आणि आपल्यापुढं दुसरा पर्याय नसतो. म्हणजे कॉइलचा भाव खरा ठरतो तो गिझर घेतला त्या दिवशी, आपल्या नकळत.

याचा पडताळा आपल्याच अवतीभवती सापडतो. कुकरची रिंग घ्या. आठवडी बाजारात दोरीला टांगलेल्या रिंगा मिळतात, तीन लिटर, पाच लिटर, साडेसात लिटर. मापं सगळ्यांना ठाऊक, बनवणारे ढीगभर, म्हणून रिंग स्वस्त. शेतातली पाण्याची मोटर घ्या. आपल्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, आणि त्यानंतर गावोगाव मोटर रिवाइंडिंगची दुकानं झाली. मोटर जळली तर तासगाव, विटा, पलूस कुठंही तिची तार काढून नवी भरून मिळते. तार किलोवर, मजुरी ठरलेली, बेअरिंग नंबरावर. शेतकऱ्याला कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागत नाही. कॉइलपेक्षा मोटर कितीतरी गुंतागुंतीची, तरी तिची दुरुस्ती आवाक्यात आहे, कारण तिचे भाग मापात आहेत आणि बाजार खुला आहे.

गच्चीवरचा सोलरही तेच दाखवतो. काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये बहुतेक ठिकाणी ५८ मिलिमीटर जाडीची आणि १८०० मिलिमीटर लांबीची नळी असते. माप एकच, म्हणून गारपिटीत किंवा वानरांच्या उड्यांनी एखादी फुटली तर कुठल्याही सोलरवाल्याकडून घेऊन बसवता येते, आणि ती फार महाग पडत नाही. (नळी खराब झाली हे ओळखायची सोपी खूण आहे. तिच्या बंद टोकाला आतून चंदेरी लेप असतो. तो दुधासारखा पांढरा झाला की निर्वात जागेत हवा शिरली, आता ती नळी पाणी तापवणार नाही.) पण त्याच सोलरची टाकी गळली की खर्च एकदम वर जातो. टाकीभोवती फोम ओतून घट्ट केलेला असतो, आतला सांधा वेल्डिंगचा असतो. उघडून डाग देता येत नाही, म्हणून अख्खी टाकीच बदलावी लागते. भाग सुटा करता येतो की नाही, यावरच सगळा हिशेब फिरतो.

हा प्रश्न आपल्या देशात मोटारींच्या बाबतीत आधी उभा राहिला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती फक्त आपल्याच अधिकृत केंद्रांना देऊन खुल्या बाजाराची वाट अडवली, या कारणावरून भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. पुढं अपिलं झाली, दंडाचे आकडे बदलले. पण सुटा भाग कोंडून ठेवणं हा ग्राहकावर अन्याय आहे, हे त्यानिमित्तानं सरकारी कागदावर आलं. त्यानंतर २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल, गाड्या, शेतीची अवजारं यांच्याबरोबर घरातली उपकरणंही आहेत. युरोपात २०२१ पासून फ्रिज आणि वॉशिंग मशीनचे ठराविक सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही सात ते दहा वर्षं मिळायला हवेत असा नियम आहे. गिझर घेणाऱ्या आपल्या माणसालाही असा नियम हवा, असं मला मनापासून वाटतं.

लोकल टाकू की कंपनीची?

हा प्रश्न प्रत्येक मिस्त्री विचारतो. शेजारच्यांकडं कॉइल गेली तेव्हा मी समोरच होते. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, कंपनीची हजाराच्या पुढं जाईल. लोकल साडेतीनशेत बसवून देतो. पण किती टिकेल ते मी सांगणार नाही." माणूस प्रामाणिक होता.

लोकल कॉइल सगळीच वाईट नसते. काही लोकल कॉइली चांगल्या कारखान्यातून येतात, नुसता शिक्का नसतो. पण स्वस्त कॉइलमध्ये नळी पातळ असते किंवा आतली पूड नीट ठासलेली नसते, आणि ते बाहेरून दिसत नाही. मी असं ठरवलं आहे: कॉइल, थर्मोस्टॅट आणि दाबाचा व्हॉल्व्ह या तीन गोष्टींत शिक्का नसलेला माल घ्यायचा नाही. तिन्हींचा संबंध थेट जिवाशी आहे. कंपनीचाच हवा असं नाही, आयएसआय मार्क असलेला दुसऱ्या चांगल्या नावाचा चालेल, फ्लँज जुळली म्हणजे झालं. गॅस्केट, बोल्ट, वायर, नळीचे जोड यांत मात्र कंपनीच्या नावासाठी तिप्पट पैसे मोजू नका. ॲनोड रॉडसुद्धा लांबी आणि आटे जुळले तर बाहेरचा चालतो.

जड पाणी असेल तर तांब्याऐवजी इंकोलॉयची कॉइल मागा. तो निकेल, लोखंड आणि क्रोमियमचा मिश्रधातू आहे. थोडी महाग पडते, पण क्षारांच्या पाण्यात तांब्यापेक्षा टिकते.

जे बदलायची गरजच नसते

माझ्या बिलातले ५४० रुपये फुकट गेले, हे मला नंतर कळलं. सेवा केंद्राचा माणूस म्हणाला होता, "मॅडम, कॉइलबरोबर थर्मोस्टॅट पण बदललेला बरा." मी हो म्हटलं. जुना थर्मोस्टॅट मात्र मागून घेतला होता. रविवारी दिरांनी तो आमच्याच स्वयंपाकघरात तपासला. रॉडचा थर्मोस्टॅट म्हणजे एका पितळी नळीत दुसऱ्या धातूची बारीक कांडी. पितळ तापून लांबतं, आतली कांडी फारशी लांबत नाही, त्या फरकानं खटका सुटतो. त्यांनी नळी पातेल्यातल्या पाण्यात बुडवली, वरच्या दोन टोकांना मल्टिमीटर, म्हणजे वीज जाते की नाही हे दाखवणारा मीटर, लावला, खाली गॅस पेटवला. पाणी तापत गेलं आणि एका क्षणी स्पष्ट ऐकू आलं, टक्. मीटरवरचा आकडा गेला. पातेलं उतरवून गार पाणी ओतलं, पुन्हा टक्, आकडा परत आला. चांगला चालू थर्मोस्टॅट होता.

असंच मल्टिमीटरवर कॉइलही तपासता येते. २ किलोवॅटच्या चांगल्या कॉइलच्या दोन टोकांमध्ये २६-२७ ओहम दिसायला हवेत. टोक आणि नळीचं बाहेरचं अंग यांच्यामध्ये मात्र जोड दिसता कामा नये, म्हणजे मीटरवर आकडाच येता कामा नये. मिस्त्रीला हे आपल्यासमोर करून दाखवायला सांगा. बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे गिझरची वीज तोडणारा स्विच, पाडल्याशिवाय मात्र कुणालाही आत हात घालू देऊ नका.

आणखी एक भाग विनाकारण बदलला जातो, तो म्हणजे दाबाचा व्हॉल्व्ह. गिझर चालू असताना तो ठिबकतो, म्हणून माणसं घाबरतात. पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत तापलं की साधारण दीड टक्का फुगतं. पंधरा लिटरच्या टाकीत ते सव्वादोनशे मिलिलिटर होतं, एक मोठा पेलाभर. ते कुठून तरी बाहेर पडायलाच हवं. तापताना ठिबकणारा आणि निवल्यावर थांबणारा व्हॉल्व्ह आपलं काम चोख करतो आहे. सतत, गार असतानाही गळत असेल तर बदला. पण ठिबक नको म्हणून त्याचं तोंड बंद करणं हा जिवाशी खेळ आहे. टाकी फुटू शकते.

कधी कधी गिझर एकदम बंद पडतो आणि कारण फक्त सेफ्टी कटआउट, म्हणजे पाणी जादा तापलं की वीज तोडणारा खटका, उडालेला असतो एवढंच असतं. आत एक छोटं बटण असतं, ते दाबलं की सुरू. एकदा दाबून चालला तर ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा उडाला तर दाबत बसू नका, खरा दोष शोधायला हवा.

गॅस गिझरचं थोडक्यात सांगते. तो पेटत नसेल तर आधी दोन्ही सेल बदला, मग पाण्याची जाळी साफ करा. मग बघा आतला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, कडक झाला आहे का. पडदा स्वस्त असतो, पण पुष्कळदा सगळी पाण्याची असेंब्लीच बदलायला सांगतात. आणि गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर पार्टचा विचार नंतर करा, आधी तो बाहेर हलवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यानं माणसं आंघोळ करता करता गेली आहेत.

कॉइल फुटली नसेल, नुसती खपली धरली असेल, तर तीही बदलू नका. मिस्त्रीकडून बाहेर काढून घ्या, कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, विरघळवा आणि त्यात काही तास बुडवून ठेवा. बुडबुडे येत राहतात आणि थर सुटतो. फरशी धुवायचं ॲसिड मात्र चुकूनही वापरू नका, ते धातू खातं. सांगलीच्या बोअरच्या पाण्याला हे दर दिवाळीला करावं आणि त्याच वेळी ॲनोड रॉड बघून घ्यावा. ३८० रुपयांच्या कांडीनं टाकी वाचते. टाकी गेली की मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका, नवीन गिझर घ्या. कॉइल, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह यांसाठी दुरुस्ती, गळक्या टाकीसाठी नवा, एवढा साधा नियम पुरतो.

बिल हातात आल्यावर

पार्टच्या खोक्यावर छापील किंमत असते, आणि त्या किमतीत सगळे कर धरलेले असतात. छापील किमतीवर पुन्हा १८ टक्के जीएसटी लावला तर ते बेकायदा आहे. जीएसटी वेगळा लागेल तो मजुरीवर, आणि तोही बिलावर जीएसटी नंबर असेल तरच. खोकं बघायला मागा. "खोकं गाडीत राहिलं" म्हणाला तर थांबा, आणून दाखवू द्या. काम सुरू करायच्या आधी कुठला पार्ट किती रुपयांचा हे लिहून घ्या, आणि जुना पार्ट परत घ्या. तो आपलाच असतो.

वॉरंटी कार्ड नीट वाचा. टाकीला पाच-सात वर्षं वॉरंटी असं मोठ्या अक्षरात छापतात, पण कॉइलची वॉरंटी बहुधा कमी असते. पुष्कळ कार्डांवर बारीक अक्षरात जड पाण्यानं झालेलं नुकसान वगळलेलं असतं. सांगलीत तर नेमकं तेच नुकसान होतं.

गाऱ्हाणं असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. दोन-अडीच हजारांसाठी कोण आयोगात जातं, असं वाटणं साहजिक आहे. पण मागणी करूनही वॉरंटीतला पार्ट न देणं, महिनोन्महिने "स्टॉक नाही" म्हणून टोलवणं, अशा वेळी साधं लेखी पत्र आणि आयोगाचा उल्लेखसुद्धा पुष्कळदा पुरतो.

गेल्या दिवाळीनंतर मावशीच्या गिझरचा थर्मोस्टॅट गेला. अकरा वर्षांचं मॉडेल, कंपनीनं बंद केलेलं, पार्ट मिळणार नाही असं उत्तर आलं. साताऱ्याच्या मिस्त्रीनं बाजारातला थर्मोस्टॅट जुळवून बसवला आणि तो चाललाही. पण महिन्याभरात टाकीच गळायला लागली. मग मी आणि ती नवा गिझर घ्यायला गेलो. दुकानात दोन मॉडेल्स मनात भरली, दोघांच्या किमतीत दोनशे रुपयांचाही फरक नव्हता. मावशीनं दुकानदाराला विचारलं, "दादा, ह्याची कॉइल केवढ्याला मिळते?" त्याला सांगता येईना. आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणाला. आम्ही म्हटलं, विचारून सांगा, आम्ही थांबतो. त्यानं दोन्हीकडं फोन लावले, पंधरा मिनिटं गेली. एकाची कॉइल ९५० ची निघाली, दुसऱ्याची ४८० ची, आणि दुसऱ्याचा ॲनोड रॉड त्याच्याच दुकानात ठेवलेला होता. मावशीनं दुसरा घेतला, आणि कॉइलचा आणि रॉडचा भाव पावतीच्या मागं त्याच्याच अक्षरात लिहून, तारीख घालून घेतला.